कोल्ह्याचे बीळ आणि सायाळमावशी

सातपुड्यातल्या एका उंच पठारावर सागाचे दाट जंगल होते. त्या जंगलात, एका भल्यामोठ्या खडकाच्या पोटाशी, एक कोल्हा आपल्या कोल्हिणीसह राहत असे. त्या वर्षी त्यांना जरा उशिराच दोन पिल्ले झाली होती. कोल्ह्याला आपल्या अकलेचा फार अभिमान, आणि त्याहून अधिक अभिमान आपल्या बिळाचा. कारण ते त्याच्या आजोबांनी खणलेले होते आणि सबंध जंगलात तसे दुसरे बीळ नव्हते.

शेजारच्या उतारावर एक म्हातारी सायाळ राहत असे. सगळे तिला मावशी म्हणत. पाऊस सरला, गवत पिवळे पडू लागले, आणि सायाळमावशीचे काम सुरू झाले. रोज ऊन कलले की ती बिळातली जुनी, ओलसर पाने ओढून बाहेर टाकी. नवे वाळलेले गवत तोंडात धरून आत नेई. पावसाने जिथे माती खचली होती तिथे ओली माती थापून ती पायांनी चांगली चोपून काढी. काम करताना तिच्या पाठीवरचे काटे खुळखुळत, आणि तो आवाज कोल्ह्याला आपल्या दारात बसून ऐकू येई. त्याला हसू आवरत नसे.

"मावशी," एके दिवशी तो म्हणाला, "अगं बीळ आहे का राजवाडा? किती जपशील त्याला?"

"पावसाळ्यात घर थकतं रे बाबा," सायाळ म्हणाली. "कुठे दुखतंय ते त्याला आपणच विचारायचं. तुझं पाहिलंस का एकदा?"

"माझं? माझ्या घरावर खडक आहे खडक! तो हलायचा नाही."

"खडक नाहीच हलत," सायाळ शांतपणे म्हणाली. "पण खालची माती हलते."

कोल्ह्याने शेपटी झटकली आणि तो शिकारीला निघून गेला.

मार्गशीर्ष लागला आणि थंडी अशी पडली, की पहाटेचे दव गवतावरच गोठून पांढरे होऊ लागले. उत्तरेकडून बोचरा वारा सुटला. कोल्ह्याने बिळाच्या तोंडाशी गवताचा भारा लावला, तरी पिल्ले कुडकुडतच राहिली. त्याने करवंदीच्या जाळ्या ओढून आणल्या, त्यापुढे एक दगडही ढकलला. तरी वारा आत येतच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटे पिल्लू दूधही पिईना. दुपारपर्यंत तर त्याचे कण्हणेही थांबले.

"दार एवढं बुजवलंत, मग वारा येतो कुठून?" कोल्हीण रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुमची सगळी अक्कल गेली कुठे?"

मान खाली घालून कोल्हा सायाळमावशीच्या दारी गेला. ती बिचारी दिवसाची झोप घेत होती. हाक ऐकताच उठली आणि "चल" एवढेच म्हणून त्याच्या मागोमाग निघाली. बिळात शिरल्यावर तिने सर्वांना गप्प राहायला सांगितले, डोळे मिटले आणि मिशा ताठ करून ती नुसती बसून राहिली. कोल्ह्याला वाटले, हिला झोप लागली की काय! पण थोड्या वेळाने ती उठली, थेट मागच्या कोपऱ्यात गेली आणि तिथला पाचोळा तिने बाजूला सारला. मागे चांगले दोन पंजे मावतील एवढे भोक होते. पावसाळ्यात उंदरांनी पलीकडच्या उतारावरून वाट पोखरली होती.

"तू पुढचं दार बुजवत बसलास, आणि वारा आला मागच्या दारानं," सायाळ म्हणाली. "आणि ही पानं? आषाढातली दिसतात. ओलं अंथरूण अंगातली ऊब पिऊन टाकतं रे. आधी लेकरांना माझ्याकडे ने."

कोल्हिणीने एकेक पिल्लू मानेला धरून उचलले आणि मावशीच्या बिळात नेले. कोल्हा आत डोकावला आणि थक्कच झाला. कुठे ओल नव्हती, वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. सुक्या गवताचा गोड वास दरवळत होता. मावशीने सर्वांत आतली उबदार जागा पिल्लांना दिली, आणि आपण स्वतः बोगद्याच्या तोंडाशी, काटे बाहेरच्या वाऱ्याकडे करून बसली. तिची ती थकलेली पाठ पाहून कोल्ह्याचे डोळे भरून आले. आपण हिला हसलो, याची त्याला फार लाज वाटली.

मग मात्र तो उठला. त्याने कुजलेली पाने एकूण एक बाहेर फेकली. ओढ्याकाठची चिकणमाती आणली, भोकात आधी दगडगोटे ठासले आणि वर माती थापली. पंजे सोलवटले, तरी तो थांबला नाही. सूर्य टेकायला आला तेव्हा बिळात वाळके गवत अंथरून झाले होते. तेवढ्यात कोल्हीण धावत आली. "अहो, धाकटं दूध प्यायलं! आता थोरल्याचे कान चावतंय!"

कोल्हा मटकन खाली बसला. त्याने समाधानाचा मोठा सुस्कारा सोडला आणि पिल्लांना घेऊन आलेल्या सायाळीला म्हणाला, "मावशी, तुझे उपकार मी कधी विसरणार नाही. बरं झालं, घराचं काम संपलं एकदाचं!"

सायाळमावशी काटे खुळखुळवत मनापासून हसली. "आजचं संपलं हो," ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, घर एकदा बांधून होत नाही, ते रोज राखावे लागते, आणि जो न कंटाळता ते राखतो, त्याच्याच घरात संकटकाळी इतरांनाही ऊब मिळते.