खिटी ओढेपर्यंत
सांगायचा मुळीच विचार नव्हता, पण तुम्ही लोक सोडत नाही. तर ऐका, आणि मधे बोलू नका.

फार जुनी गोष्ट. डोंगराकडच्या गावात राघो शिकाऱ्याकडे दोन बंदुका होत्या. थोरली त्याच्या आज्याची; तीन पिढ्यांचे गाल टेकून तिचा दस्ता गुळगुळीत झालेला. दर गोळीला तिची खिटी मागे ओढायची, पुढे ढकलायची, मगच दुसरी गोळी. धाकटी नवीकोरी, चाप दाबत राहा की झाडत सुटायची.

"आजे, तुझी खिटी सरकेपर्यंत डुक्कर घरी जाऊन जेवेल," धाकटी खिदळायची. राघो आता आपल्याला माळ्यावर टाकणार, या धास्तीने थोरलीचा जीव पोखरला होता.

एका पावसाळी सकाळी राघो दोघींना घेऊन नाचणीच्या शेतातल्या माचीवर डुकरांच्या राखणीला बसला. सवयीने हात थोरलीकडेच गेला. डुक्कर आलं, गोळी हुकली, डुक्कर पळालं. लगेच पलीकडे दुसरी काळी पाठ हलली. राघोने घाईने खिटी ओढली, रिकामं काडतूस खाली पडलं, आणि तेवढ्यात ती पाठच ओरडली, "कोण रे मेला तो? म्हैस शोधतेय मी!"

इरलं पांघरून वाकलेली सुंदराकाकू होती ती.

राघो थोरलीच्या दस्त्यावर गाल टेकून पोरासारखा रडला. "आता तुला खांद्यावरून उतरवायचा नाही गं," म्हणाला.

धाकटी हळूच बोलली, "आजे, चुकलं माझं. मी हातात असते तर थांबलेच नसते."

लोखंडालासुद्धा माफी मागता येते. माझ्या हळूपणाला रोज हसणाऱ्या आमच्या विसू गुरवाला ते अजून जमलेलं नाही.