झाकण लावून काढलेला फोटो

“बुवा, जुन्या कुठल्याच फोटोत हा तारा नाही, मग हा आला कुठून?”

सन्मतीने लॅपटॉप बुवांच्या पुढ्यात सरकवला. मठीच्या ओसरीवर सकाळचं ऊन आलं होतं. बुवांनी स्वतः आरसा घासून केलेल्या दुर्बिणीला कॅमेरा लावून पोराने रात्रभर देवयानी टिपली होती. आपल्या आकाशगंगेची ही शेजारीण दीर्घिका. पिवळसर गाभा, भोवती वळसे घेत गेलेले हात, आणि एका हातावर लालभडक ठिपका.

“नवा तारा, बुवा! मी शोधलेला! आबांना फोनसुद्धा केला. निघालेत. आता बघू मला त्यांच्या लोखंडाच्या दुकानात कसे बसवतात ते. त्यांना खिळे तोलण्यापलीकडे कळतंय काय?”

बुवांनी ठिपका मोठा करून बघितला.

“दुर्बिणीला झाकण लाव,” ते म्हणाले. “आणि फोटो काढ.”

झाकण लावून फोटो? म्हातारं सरकलं की काय! पण बुवांपुढे बोलायची सोय नव्हती. सन्मतीने झाकण घट्ट बसवलं, वरून घोंगडी टाकली आणि फोटो काढला.

काळाकुट्ट. देवयानी नाही, काही नाही.

ठिपका मात्र होता. तिथेच. तसाच लाल.

सन्मतीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघितले.

“म्हणजे हा... आभाळातला नाही?”

“कॅमेऱ्यातला. रात्रभर चालून तापला की उमटतो.”

बुवांना फार वाईट वाटलं. रात्रभर थंडीत कुडकुडला होता बिचारा. त्यांनी आपला चहा त्याच्यापुढे सरकवला.

“बुवा... आबांना नाहीच सांगितलं तर? त्यांना काय, तारा म्हटलं की तारा.”

बुवांनी लॅपटॉप ओढला आणि पहिल्या फोटोतून काळा फोटो वजा केला.

ठिपका गेला. फोटोभर पसरलेली बारीक ठिपक्यांची खडीही गेली. देवयानीच्या कडेला एक फिकट हात दिसू लागला, पार टोकापर्यंत गेलेला.

“हा मघाशी नव्हता!”

“होता.”

सन्मती त्या हाताकडे बघतच राहिला. डोळे भरून आले त्याचे.

तेवढ्यात खाली आबांची स्कूटर वाजली. तो गडबडून उठला.

“बुवा, आबांना कुठला फोटो दाखवू?”

“काळा आधी दाखव. खिळे तोलायच्या आधी आबा रिकामं पारडं बघतात.”