कुलूपबंद फॉर्म

जिल्ह्याच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी आमच्या घोरपडे सरांनी वर्डमध्ये फॉर्म बनवला. “आता कुणाला खाडाखोड करता येणार नाही,” म्हणत त्यांनी पासवर्ड घातला. नमुना म्हणून नावाच्या चौकटीत टाकलेलं स्वतःचं नाव काढायचं मात्र राहून गेलं.

माझी मैत्रीण हर्षाली शाळेत सगळ्यांत वेगवान. ती म्हणाली, “सर, नाव बदलतच नाहीये.”

“फॉर्म बरोबर आहे. तुलाच भरता येत नाही!”

“बरं सर. मग रविवारी मैदानावर लवकर या. शाळेकडून तुम्हीच धावताय.”

वर्ग खो खो हसला. सरही ओशाळून हसले आणि दुरुस्तीला बसले. पण पासवर्डच आठवेना. नवा फॉर्म होईपर्यंत मुदत टळून गेली होती.

रविवारी आम्ही दोघी कठड्यावर बसून शर्यत पाहिली. हर्षाली धावायचे बूट घालून आली होती.