हजार गुणांची पाटी

“एका पारड्यात या पाटीची किंमत टाक, दुसऱ्यात तिचे गुण! दोन्ही तोलून दाखव. दिवेलागणीपर्यंत जमलं नाही, तर सौदागराच्या जहाजातून चाकर म्हणून समुद्रापार जायचं!”

कुरणगडच्या रणधवल महाराजांनी हुकूम सोडला आणि भिवाचं हसू जागच्या जागी थिजलं.

हसला, हाच त्याचा गुन्हा. भिवा महाराजांच्या पागेत घोड्यांना खरारा करायचा. त्या सकाळी एका परदेशी सौदागरानं भर दरबारात नवी वस्तू जाहीर केली. काचेची चकचकीत पाटी, नाव टॅबलेट. बोट लावलं की उजळायची. तिच्यात नकाशे, गाणी, ग्रंथ. पुढे एक डोळा, मागे तीन!

“हजार गुण आहेत, महाराज! आणि किंमत फक्त ही थैलीभर मोहरा!”

‘फक्त’ ऐकून भिवाला राहवलं नाही. “अहो, एवढ्यात पाच बैलजोड्या येतील!” असं तो मोठ्यानं बोलला आणि त्याहून मोठ्यानं हसला. महाराजांचा जीव तर पाटीवर जडलेला. ते भडकले.

“पण महाराज, गुणांना कुठं वजन असतं?” भिवा रडकुंडीला आला.

“ते हसण्याआधी सुचायला हवं होतं!”

बातमी ऐकून भिवाची थोरली बहीण येसू धावत आली. बैलबाजारात दलाली करणाऱ्या बापाच्या मागे फिरून ती मोठी झालेली. आता आईबाप दोघंही नव्हते.

“आक्का, तोंडातून निघून गेलं गं!” भिवा म्हणाला.

“तुझ्या तोंडाला वेसण घालायची राहिलीच बघ,” येसू म्हणाली आणि महाराजांपुढे जाऊन उभी राहिली. “सरकार, त्याच्या जागी मी तोलते.”

“तुला का एवढी घाई, पोरी? घरातलं एक खाणारं तोंड कमी होईल!”

“घरात दोनच माणसं आहोत, महाराज. हा गेला तर मी भांडायचं कुणाशी?”

महाराजांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी मान डोलावली.

येसूनं पाटी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. बैलाची पाठ थोपटावी तशी थोपटली.

“काय खाते ही, शेठ?”

“वीज. ती भरायची डबी वेगळी घ्यावी लागते.”

“बरं. लिहायचं कशानं?”

“लेखणी आहे ना! वेगळी.”

“आणि अंगावरची झूल?”

“तीही वेगळी.”

“अगंबाई! आमच्या बाजारात बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून त्याचे निराळे पैसे मागितले, तर गिऱ्हाईक बैलासकट विकणाऱ्यालाही हाकलून देतं!”

दरबारात खसखस पिकली. सौदागर म्हणाला, “बाई, हा बैल नव्हे! याचे गुण तरी ऐका.”

“गुण ऐकून आम्ही सौदा करत नाही, शेठ. विकणाऱ्याच्या तोंडी प्रत्येक बैल डोंगर ओढतो. आम्ही आपल्या औताला जुंपून बघतो. सरकार, दिवेलागणीपर्यंत पाटी तुमच्याकडे असू द्या. मनाला येईल तशी वापरा. मी नुसती बसून बघते.”

महाराज खूश! त्यांनी लगेच नकाशा उघडला. जगभर बोट फिरवून शेवटी स्वतःचा वाडा शोधला, “हा बघा, इथेच आहे!” म्हणाले आणि नकाशा मिटला. मग ग्रंथ उघडला. दुसऱ्या ओळीला जांभई आली. गाणं लावलं, तर म्हणाले, “आमचा गवई याहून मोठ्यानं गातो!”

तेवढ्यात चुकून पाटीचा पुढचा डोळा उघडला आणि पाटीत महाराज दिसले.

मग काय विचारता! महाराजांनी मिशीला पीळ दिला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पगडी घालून, पगडी काढून, भुवई उंचावून. जेवणाचं ताट आलं आणि निवून परत गेलं. भिवा कोपऱ्यात उन्हाची तिरीप सरकताना बघत होता आणि महाराज मिशी बघत होते.

समया लागल्या. मोठा तराजू आला. येसूनं थैलीतल्या मोहरा एका पारड्यात ओतल्या. पारडं धाडकन खाली बसलं.

“आता गुण!” महाराज म्हणाले. “नकाशाचा गुण टाक!”

“कुठं जायचंय, सरकार?”

“आम्ही? छे! वाडा सोडून आम्हाला कुठे करमतं?”

“मग तो राहू द्या. ग्रंथ टाकू?”

महाराज खाकरले. “नको.”

“गाणं?”

“गवई ऐकतोय. हळू बोल!”

येसूनं राणीसाहेबांच्या दासीला हाक मारली. फणेरपेटीतला चिमुकला आरसा मागून घेतला आणि रिकाम्या पारड्यात अलगद ठेवला.

“हे घ्या, महाराज! दिवसभर पाटीनं तुमचं जे काम केलं, त्याचं हे वजन. आता मोहरा काढत चला.”

कारभारी मोहरा काढत गेले. पारडी समोरासमोर आली, तेव्हा तिथे दोनच मोहरा उरल्या होत्या!

“अन्याय!” सौदागर किंचाळला. “बाकीच्या गुणांचं काय?”

“असतील की, शेठ! जनावर चांगलंच आहे. तारवावरच्या तांडेलाला नकाशाचे पैसे मागा, पंडिताला ग्रंथांचे मागा, ते आनंदानं मोजतील. पण आमच्या सरकारांच्या शेतात फक्त मिशीच पिकते, त्याला ही काय करणार!”

महाराजांनी पाटीत पाहिलं. मिशी थरथरत होती. मग गाल थरथरले, आणि महाराज इतके हसले, इतके हसले, की पगडी घरंगळून तराजूत पडली.

“शेठ, दोन मोहरांना देता?”

“मुळीच नाही!”

“मग घेऊन जा! आरसा आमच्या घरात आहेच!”

थैलीतल्या मोहरांतून महाराजांनी येसूला एक देखणी खिलारी जोडी घेऊन दिली, दाव्यासकट. आणि भिवाला जवळ बोलावून फर्मावलं, “आजपासून तुझी नेमणूक दरबारात. कुठलाही सौदागर किंमत सांगू लागला, की सगळ्यांत आधी तू हसायचं. मोठ्यानं!”

“आक्का!” भिवा डोळे पुसत म्हणाला. “मला वाटलं, आता गेलोच मी.”

“गप. बैल धर आणि चल,” येसू म्हणाली. “घरी जाऊन तुझ्याशी भांडायचंय मला!”

ते ऐकून महाराज पुन्हा हसले, आणि या वेळी भिवाही हसला, त्यांच्याहून मोठ्यानं!