राघूची शोकपोथी

फार पूर्वी, पाखरं पिंपळाच्या पानांवर पोथ्या लिहीत तेव्हाची गोष्ट. राघूची मैना वारली आणि त्यानं तिच्या शोकाची तीनशे पानांची पोथी लिहिली. ऐकायला सगळं रान लोटलं. घाटावरचा म्हातारा कावळाही आला. त्याची कावळीण नुकतीच गेली होती. आपल्या मनातलं कुणीतरी बोलेल, अशी त्याला आस होती.

पन्नासाव्या पानावरच त्याच्या मनात पाल चुकचुकली. राघू रडता रडता मधूनच डोळा उघडून कोण कोण रडतंय ते बघून घेत होता. दोनशेव्या पानावर चिमण्या पेंगल्या. कावळा मान तिरकी करून ऐकतच राहिला.

पोथी संपली. राघूनं भाताचा पिंड पुढं सरकवला. “शिवा, काकोबा. मैना तृप्त झाली म्हणायची.”

“शिवतो की. पण तिच्या आवडीचं काय ठेवलंयस?”

राघू पानं उलटू लागला. पुढून मागं, मागून पुढं. तीनशे पानांत ते कुठंच नव्हतं.

“आमची ही,” कावळा उठत म्हणाला, “भाकरीचा करपलेला पापुद्रा आधी खायची. मला कधी तुकडा दिला नाही.”

पेंगलेल्या चिमण्यांना तेव्हा कुठं रडू फुटलं.