मागच्या खोलीतला दिवा

“दोन्हींतली कुठली प्रार्थना पोचली असेल, मास्तर?”

शद्रक मास्तर पेटीचा भाता पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. चर्चच्या मागच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. एकच दिवा, तोही मिणमिणता.

विचारणारा एलिशा उंबऱ्यातच उभा राहिला. पेटी तो याच मास्तरांच्या हाताखाली शिकला, पण हल्ली पेटीपेक्षा त्याचा मोबाईलच जास्त चालायचा. उपासनेआधी गाणारे मागं कसे तयार होतात, त्याचे व्हिडिओ तो करून टाकायचा. पार दुबईहून लोक शाबासकी द्यायचे. पोराचे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या खोलीची एक रीत होती. उपासनेला जायच्या आधी मास्तर दिवा घालवत, आणि ज्याचं त्यानं अंधारात देवाकडं मागायचं. मास्तर लाईटबिलाला भितात, असं एलिशा चारचौघांत हसून सांगायचा.

गेल्या रविवारी मास्तर पेटी घेऊन पुढं गेले, आणि एलिशानं दिवा परत लावला.

गाणाऱ्यांतली सुवार्ता अजून गुडघ्यांवरच होती. घरी तान्ह्या लेकराचा ताप उतरत नव्हता. सासूच्या मांडीवर टाकून ती गायला आली होती आणि जीव तोडून मागत होती. एलिशानं अंधारातच व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली होती, तो सगळा काळा आला. मग तो म्हणाला, ताई, परत एकदा करा प्रार्थना, तोंड जरा उजेडाकडं घ्या.

भिडस्त बाई. तिनं परत केली.

तेव्हापासून तिच्या तोंडून प्रार्थना निघेना. लेकरू आता दवाखान्यात, काचेआड. सकाळी एलिशा केळी घेऊन गेला, तर केळ्यांकडं तिनं बघितलंही नाही. एवढंच विचारलं, “भाऊ, पहिली माझी होती. दुसरी तुमच्यासाठी केली. देवाकडं कुठली गेली असंल?”

तो तसाच उठून इकडं आला होता.

“पहिली दाखव,” मास्तर म्हणाले.

“पुसून टाकली. काळी आली होती.”

“मग दुसरी.”

एलिशानं मोबाईल पुढं धरला. सुवार्ताचा चेहरा उजळून निघाला होता. हात वर, डोळ्यांत पाणी. मास्तरांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं.

“लेकराचं नाव काय रे?”

एलिशानं ते कधी विचारलंच नव्हतं. बाप्तिस्मा व्हायचा होता, नाव अजून घरातच होतं.

“यात घेतलं असेल की तिनं.”

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. माझं बाळ, माझं बाळ, एवढंच. नाव कुठंच नव्हतं.

“पहिलीत घेतलं होतं,” तो हळू म्हणाला. “सारखं घेत होती. पण मी…”

“तू काय?”

“मी उजेड बघत होतो.”

…

मास्तरांनी पेटी मिटली. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दिवा घालवला. अंधारात मोबाईलच तेवढा उजळत राहिला. एलिशानं तो पालथा घातला.

“आता मी काय मागू, मास्तर?”



“आधी नाव विचारून ये,” मास्तर म्हणाले. “तोवर मी दिवा लावत नाही.”