वाकणाऱ्या पट्ट्यांची झडप

एका गावात एक सुतार होता, आणि त्याचं लाकडाशी रोज भांडण व्हायचं.

रंधा मारून फळी सरळ करावी, तर ती पावसाळ्यात फुगायची आणि उन्हाळ्यात वाकायची. एकदा त्याने देवळाला नवं दार केलं. श्रावणात ते असं घट्ट बसलं, की पुजारीबुवा दोन दिवस आतच राहिले आणि नैवेद्य खिडकीतून द्यावा लागला. देवाची काही तक्रार नव्हती, पुजारीबुवांची मात्र पुष्कळ होती. तेव्हापासून गाव त्याला 'वाकडा सुतार' म्हणायचं.

त्याच गावात बियाण्याचं कोठार होतं. साऱ्या गावाची पेरणी त्यातल्या ज्वारीवर व्हायची. हवा कोरडी असली की कोठाराच्या झडपा उघडायच्या, दमट झाली की लगेच मिटायच्या. नाहीतर बियाण्याला बुरशी. हे काम कोठारीण आजीकडे होतं. शिडीवर चढ, झडप उघड, खाली ये, आभाळ बघ, पुन्हा चढ. तीस वर्षांत ती एकही पंगत शेवटपर्यंत जेवली नव्हती.

यंदा तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. "मला आता शिडी झेपत नाही," ती पाटलांना म्हणाली. "आणि बी नासलं, तर गाव पेरणार काय?"

पाटलांनी दवंडी पिटवली : जो चांगली झडप करील, त्याला पेरणीची पहिली मूठ टाकायचा मान.

बाजाराच्या गावाहून एक लोहार आला. त्याने दक्षिणेच्या भिंतीला लोखंडी झडप बसवली. तिला साखळी, दात्यांचं चाक आणि हौसेने एक घंटासुद्धा. चाक फिरवलं की झडप अलगद सरकायची. गाव खूश झालं.

"पण चाक फिरवायचं कोणी?" आजीने विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," लोहार म्हणाला.

उत्तरेची भिंत सुताराच्या वाट्याला आली. न वाकणारं लाकूड शोधायला तो डोंगरावर गेला. लाकूड मिळालं नाही, पण धोतर कुसळांनी भरलं. आजीच्या ओट्यावर बसून तो ती वैतागून उपटू लागला. तांब्यातलं थोडं पाणी एका कुसळावर सांडलं, आणि त्याची पीळदार शेपटी आपोआप फिरू लागली.

"आजी, हे जिवंत आहे की काय!"

"जिवंत कसलं? वाळकं गवत ते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. अशी वळवळ करतच त्याचं बी मातीत घुसतं."

सुताराने ते कुसळ वाळू दिलं, भिजवलं, पुन्हा वाळू दिलं. ते एकदाही चुकलं नाही.

"म्हणजे माझं लाकूडही इतकी वर्षं मला हवा कशी आहे ते सांगत होतं," तो म्हणाला, "आणि मी त्याला शिव्या घालत होतो!" त्याला फार वाईट वाटलं, आणि लगेच फार आनंद झाला.

त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या आणि दवाच्या ओलसर सकाळी दोन-दोन पट्ट्या राळेने चिकटवल्या. आतल्या पट्टीचे रेषे उभे, बाहेरच्या पट्टीचे आडवे. अशा जोड्या त्याने उत्तरेच्या झरोक्यावर एकीला लागून एक, फक्त वरच्या टोकाला ठोकून बसवल्या. उभ्या रेषांची पट्टी लांबीला कमी-जास्त होत नाही. आडव्या रेषांची मात्र कोरड्या हवेत आखडते. ती आखडली की जोडी बाहेर वाकणार आणि फट उघडणार. ओल आली की जोडी सरळ, फट बंद.

"आता तर हा मुद्दाम वाकडं करतोय!" गाव हसलं. सुतारही हसला, पण दिवसातून दहादा पट्ट्या बघून यायचा. गावाचं अर्धं बियाणं त्याच्या पट्ट्यांच्या भरवशावर होतं.

मग शेजारच्या वाडीत लग्न निघालं. सारं गाव जायला निघालं, सुतार मात्र कोठारापाशी बसून राहिला.

"ऊठ, चल," आजी म्हणाली.

"आजी, आभाळ आलं तर?"

"तू इथे राहिलास, तर पट्ट्या आपणहून मिटतात की नाही ते कळणार कसं? भरवसा नव्हता, तर माझ्या ज्वारीवर लावल्यास कशाला?"

सुतार धोतर झटकत उठला. तो गेला. लोहारही गेला. चाक फिरवायला नेमलेला गडीसुद्धा गेला, कारण जिलेबी होती.

पंगत बसली आणि अवकाळी सर कोसळली. भरली पानं सोडून गावाने धूम ठोकली. सुतार सर्वांत पुढे होता.

आजी जागची हलली नाही. "तीस वर्षं पळाले," ती म्हणाली. "आज नाही."

लोखंडी झडप सताड उघडी होती आणि तिच्याखालची पोती ओलीचिंब. सुताराने भीत भीत उत्तरेच्या भिंतीकडे पाहिलं. पावसाआधीच हवा दमट झाली होती, तेव्हाच एकूण एक पट्टी मिटली होती. आतली ज्वारी खडखडीत कोरडी होती.

ऊन पडलं. लोकांनी भिजलेली ज्वारी चटकन पसरली. ती सुकत असतानाच, कोणी हात न लावता, पट्ट्यांची टोकं एकेक करून बाहेर वळली. लोहाराने पागोटं काढून डोकं खाजवलं. "दक्षिणेलाही अशाच बसव," तो म्हणाला. "खिळे माझ्याकडून."

"पहिली मूठ तुझी रे!" पाटील ओरडले. पण सुतार ते ऐकायला थांबलाच नव्हता. तो धापा टाकत वाडीत पोचला. मांडवात आजी एकटीच पानावर बसली होती.

"मिटल्या?" तिने विचारलं.

"मिटल्या, आजी. आणि उघडल्यासुद्धा."

"मग त्या वाढप्याला हाक मार," आजी म्हणाली. "आज माझी पंगत पुरी व्हायची आहे."

तात्पर्य : ज्याच्याशी आपण जन्मभर भांडतो, त्याचा स्वभाव एकदा नीट समजून घ्यावा, कदाचित तेच आपलं काम करायला तयार बसलेलं असतं.